पळसदरी : घाटाच्या पायथ्याचें एक गांव

मुंबईहून पुण्यास जाणारी आगगाडी कर्जत स्टेशन सोडते आणि थोड्याच वेळांत एका लहानशा स्टेशनावरून न थांबतां पुढें निघून जाते. खिडकीशीं बसलेल्या उतारूचें लक्ष त्या वेळीं समोरच्या डोंगरांकडे लागलेलें असतें. फलाटावरील पाटी बहुधा वाचली जात नाहीं. त्या पाटीवरील नांव पळसदरी. ज्या घाटाची शोभा पाहण्यासाठीं उतारू एवढा उत्सुक झालेला असतो, त्या घाटाची पहिली पायरी हेंच गांव होय, ही गोष्ट फार थोड्यांस ठाऊक असते.

राजधान्या, किल्ले आणि तीर्थक्षेत्रें यांचा इतिहास पुष्कळांनीं लिहिला आहे. पळसदरीसारख्या लहान गांवाचा इतिहास बखरींत सांपडत नाहीं. तो जमिनीच्या चढउतारांत, पाण्याच्या ओढीत आणि वाटांच्या वळणांत वाचावा लागतो. हें गांव कोठें आहे, तेथें वाट कां फुटली आणि त्या वाटेनें गांवाला काय दिलें, या तीन प्रश्नांचीं उत्तरें शोधीत गेलें म्हणजे तो इतिहास आपोआप उलगडत जातो.

रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यांत, कर्जत गांवाच्या दक्षिणेस सुमारें अडीच मैलांवर पळसदरी वसलेली आहे. जिल्ह्याचें रायगड हें नांव १९८१ पासूनचें. त्यापूर्वीं तो कुलाबा जिल्हा होता, आणि १८९१ पर्यंत तर कर्जत तालुका ठाणें जिल्ह्यांत मोडत असे. म्हणून या भागाची जुनी सरकारी माहिती पाहूं इच्छिणारास १८८२ सालचें ठाणें जिल्ह्याचें गॅझेटियर उघडावें लागतें. इंग्रजी कागदपत्रांत गांवाचें नांव 'पडसधरी' अशा मोडक्या रूपानें आलेलें आढळतें. मराठी माणसास मात्र नांवाचा अर्थ सांगावयास नको. पळस आणि दरी हे दोन्ही शब्द आपल्या नित्याच्या वापरांतले आहेत. फाल्गुनांत पानें गळून गेलेल्या फांद्यांवर केशरी फुलांचा भडका उडाला म्हणजे हें नांव ठेवणाऱ्यांची दृष्टि किती नेमकी होती, याची साक्ष पटते.

गांवाच्या पूर्वेस सह्याद्रीची भिंत उभी आहे. ही भिंत काळ्या दगडाची. सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं पृथ्वीच्या पोटांतून वारंवार वाहून आलेला तप्त रस थरावर थर थिजून हा दगड बनला, आणि पुढें पावसानें व ओढ्यांनीं तो कोरून त्याचे कडे, सुळके व घळी केल्या. या भिंतीपासून कोंकणाकडे ठिकठिकाणीं डोंगराच्या धारा उतरतात. त्यांपैकीं एक लांब धार खंडाळ्याच्या माथ्यापासून निघून वायव्येकडे उतरत येते आणि पळसदरीच्या आसपास सपाटीस मिळते. पळसदरीचें सारें भाग्य व सारें दुर्भाग्य या एका धारेंत साठविलेलें आहे.

या धारेच्या पूर्वेस उल्हास नदीचें खोरें आणि पश्चिमेस खोपोलीचें, म्हणजे पाताळगंगेचें खोरें. धारेवर पडलेल्या पावसाचा एक थेंब पूर्वेकडे घरंगळला तर तो उल्हासेबरोबर कर्जत, बदलापूर, कल्याण असा प्रवास करीत वसईच्या खाडीस जातो. त्याच्या शेजारचा थेंब पश्चिमेकडे वळला तर तो पाताळगंगेंतून धरमतरच्या खाडीस पोंचतो. हाताच्या अंतरावर पडलेल्या दोन थेंबांची गांठ पुन्हा समुद्रांतच पडावयाची. पाण्याची जी गत, तीच पुढें वाटांची झाली.

पाऊस येथें दरवर्षीं शंभर इंचांहून अधिक पडतो, पण तो सारा चार महिन्यांत. सखल खाचरांत भात आणि उतारावरील वरकस जमिनींत नाचणी व वरी, अशी या टापूंतील जुनी पिकांची वांटणी आहे. पेरणीपूर्वीं पालापाचोळा व झाडांच्या फांद्या वाफ्यावर पसरून राब भाजावयाचा, मग त्या भाजलेल्या जमिनींत रोप तयार करून लावणी करावयाची, ही येथील परंपरागत रीत. शेतकरी कुणब्यांबरोबर ठाकूर व कातकरी या आदिवासी जमातींचीं वस्तीस्थानें या सर्व डोंगरपट्ट्यांत पसरलेलीं आहेत. खैराच्या लांकडापासून कात काढणारे ते कातकरी. जंगलांतील प्रत्येक झाडाचा गुण आणि प्रत्येक ओढ्याचा उगम यांना तोंडपाठ असे. त्यांच्या या ज्ञानाचा प्रसंग पुढें येणारच आहे.

कोंकणांतून देशावर जाण्याची गरज फार प्राचीन. कल्याण व सोपारा या बंदरांत उतरलेला माल सह्याद्रि चढून पठारावर जाई. राजमाचीच्या पायथ्याशीं असलेलीं कोंडाण्याचीं बौद्ध लेणीं ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकाच्या सुमाराचीं आहेत, आणि घाटमाथ्याच्या पलीकडे कार्ले व भाजें येथील लेणीं आहेत. अशीं लेणीं व्यापारी वाटांच्या आधारानें वाढत; तेव्हां या भागांतून माणसांची व बैलांच्या तांड्यांची ये-जा दोन हजार वर्षें तरी चालू आहे, असें म्हणण्यास हरकत नाहीं. वाटेवर नजर ठेवण्यासाठीं राजमाचीसारखा बळकट किल्ला झाला, आणि पळसदरीच्या जवळ सोनगिरी नांवाचा एक लहान किल्लाही आहे. सोनगिरी इतिहासांत फारसा गाजला नाहीं. तो पहारेकरी किल्ला. लढण्यापेक्षां पाहणें हेंच त्याचें काम असावें.

या डोंगरांतील वाटा ज्यास कळल्या त्यानें मोठमोठ्या फौजांस नमविलें. १६६१ च्या फेब्रुवारींत शिवाजी महाराजांनीं खालापूरच्या बाजूस उंबरखिंडींत कारतलबखानाच्या फौजेस अडवून शरण आणलें, तें या ज्ञानाच्या बळावरच. पेशवाईंत बोरघाटाची वाट पुण्याची मुख्य वाट झाली. नाना फडणिसांनीं घाटाच्या पायथ्याशीं खोपोलीस तलाव व महादेवाचें मंदिर बांधिलें, तें वाटसरूंच्या सोयीस फार उपयोगी पडलें. पुढें १८०४ मध्यें जनरल वेलस्ली यानें आपल्या तोफांसाठीं ही वाट दुरुस्त केली आणि १८३० मध्यें गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या कारकीर्दींत घाटांतून चाकांचीं वाहनें जाऊं लागलीं. या सर्व काळांत मुख्य वाट पनवेलकडून येऊन खोपोलीहून चढे. पळसदरी बाजूस, आपल्या पळसांच्या सावलींत स्वस्थ होती.

तिची ही स्वस्थता आगगाडीनें मोडली. १६ एप्रिल १८५३ रोजीं मुंबई ते ठाणें ही पहिली गाडी धांवली. पुढील वर्षीं रूळ कल्याणास पोंचले, आणि १२ मे १८५६ रोजीं ते पळसदरीवरून थेट खोपोलीपर्यंत गेले. जुनी वाट जेथून चढत होती तेथेंच नवी वाटही प्रथम गेली, हें साहजिकच होतें. घाटावरील खंडाळा ते पुणें हा मार्ग १४ जून १८५८ रोजीं खुला झाला. मध्यें उरला तो घाट. त्या पांच वर्षांत पुण्यास जाणारा उतारू खोपोलीस गाडींतून उतरे. पालखी, तट्टू किंवा बैलगाडी यांच्या साह्यानें घाट चढे. आणि खंडाळ्यास पुन्हा दुसऱ्या गाडींत बसे.

मग खोपोलीहूनच सरळ रूळ वर कां नेले नाहींत? याचें उत्तर चाकांत आहे. लोखंडी चाक लोखंडी रुळावरून जातें तेव्हां घर्षण फार थोडें होतें. म्हणून सपाटीवर एकच इंजीन शेंकडों माणसें व हजारों मण माल सहज ओढतें. पण सपाटीवर जो गुण, तोच चढावर दोष ठरतो. बैलाचा खूर मातींत रुततो, चाक रुळावर रुतत नाहीं; चढ जरा जास्त झाला कीं तें जागच्या जागीं फिरूं लागतें. खोपोली आणि खंडाळा यांच्यामधील उंची अवघ्या कांहीं मैलांत चढावी लागते. तेवढा चढ गाडीच्या शक्तीबाहेरचा होता. ती उंची अनेक मैलांवर पसरून देईल असा एखादा लांब, सलग उतार शोधणें भाग होतें.

तो उतार म्हणजे पळसदरीस येऊन टेकणारी ती डोंगराची धार. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मुख्य इंजिनिअर जेम्स बर्कली यानें तिचीच निवड केली. चढाचा पायथा समुद्रसपाटीपासून १९६ फूट उंचीवर आणि लोणावळ्याचा माथा २,०२७ फुटांवर. म्हणजे १,८३१ फूट चढावयाचे. ही उंची त्यानें १५ मैल ६८ साखळ्या, म्हणजे जवळजवळ सोळा मैल लांबीवर पसरविली. सरासरी सेहेचाळीस फूट पुढें जावें तेव्हां एक फूट वर चढावें, असें हें प्रमाण पडलें. सर्वांत बिकट जागीं तें सदतिसांस एक असें होतें. वाटेंत पंचवीस बोगदे खणावे लागले आणि खोल घळींवर आठ मोठे कमानींचे पूल बांधावे लागले. वाटेंत एके ठिकाणीं धार इतकी चिंचोळी झाली कीं गाडीस वळण घेण्यापुरतीही जागा राहिली नाहीं. तेथें इंजीन एका टोकाचें सोडून दुसऱ्या टोकास जोडीत आणि गाडी उलट्या तोंडानें उरलेला चढ चढूं लागे.

हें काम १८५६ च्या जानेवारींत सुरू झालें व सात वर्षें चाललें. पावसाळ्याचे चार महिने काम बंद पडे. कोरड्या ऋतूंत हजारों स्त्रीपुरुष मजूर डोंगरावर गोळा होत. १८६१ च्या आरंभीं त्यांची संख्या बेचाळीस हजारांवर गेली होती. कड्यावर पाय ठेवावयास जागा नसे तेथें माणसें दोरांनीं लोंबकळत सुरुंगांचीं भोकें पाडीत. सुरुंगांनीं, दरडींनीं आणि त्यांहूनही अधिक पटकीच्या साथीनें हजारोंच्या संख्येनें मजूर मेले. मजुरी वेळेवर मिळेना म्हणून १८५९ च्या जानेवारींत मजुरांनीं दंगा केला आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत पहिला मक्तेदार फॅव्हिएल यानें काम सोडलें. दुसरा मक्तेदार सॉलोमन ट्रेडवेल हा विलायतेहून आला आणि थोड्याच आठवड्यांत मरण पावला. तेव्हां त्याची पत्नी अ‍ॅलिस हिनें मक्ता आपल्याकडे घेतला आणि दोघां जाणत्या इंजिनिअरांच्या हातून तो तडीस नेला. बर्कलीही १८६२ मध्यें वारला. त्याला आपला घाट पुरा झालेला पाहतां आला नाहीं. २१ एप्रिल १८६३ रोजीं गव्हर्नर सर बार्टल फ्रियर याच्या हस्तें समारंभ झाला आणि १४ मे रोजीं पळसदरी ते खंडाळा हा मार्ग रहदारीस खुला झाला.

बर्कलीचें नांव राहिलें, ट्रेडवेलबाईंचें राहिलें, गव्हर्नरांचें तर राहणारच. त्या बेचाळीस हजारांपैकीं नांवें किती राहिलीं? लोकांच्या स्मरणांत त्यांच्या वतीनें एकच नांव उरलें आहे, शिंगरोबाचें. बोरघाटाच्या सडकेवर शिंगरोबाचें देऊळ आहे. साहेबांना घाटांतून वाट सांपडेना तेव्हां एका धनगरानें आपल्या जनावरांच्या मागून जाऊन ती दाखविली, आणि त्या उपकाराची फेड म्हणून त्याला गोळी मिळाली, अशी कथा लोक सांगतात. ही लोककथा आहे, इतिहास नव्हे. पण तिच्या पोटांत एक खरी व्यथा आहे. डोंगराचें ज्ञान येथील माणसाचें होतें, श्रम येथील माणसाचे होते, आणि मान मात्र दुसऱ्याचा झाला, हें लोकांनीं आपल्या रीतीनें नोंदवून ठेविलें.

घाट खुला झाला आणि पळसदरीस वाट दुभंगली. मुख्य मार्ग डोंगरावर गेला. सात वर्षें मुख्य असलेला खोपोलीचा मार्ग फांटा होऊन राहिला. वाफेच्या इंजिनाला चढावर पाणी फार लागे. म्हणून ओढा अडवून रेल्वेनें पळसदरीस तळें बांधिलें. १९२९ सालीं घाटांत विजेचीं इंजिनें सुरू झालीं व मार्गाची नवी आंखणी होऊन गाडी उलटी फिरविण्याची खटपटही बंद पडली. वाफेच्या इंजिनांबरोबर त्या तळ्याचें मूळ कामही संपत गेलें. तळें मात्र राहिलें.

घाटाच्या पायथ्याशीं असणें हें प्रत्येक गांवास सारखेंच फळतें असें नाहीं. जर्मनीच्या दक्षिणेस व्युर्टेंबर्ग प्रांतांत गाइसलिंगेन म्हणून एक लहानसें नगर आहे. तेथील आगगाडीचा घाट बोरघाटाच्या आधीं, १८५० सालीं पुरा झाला. चढ पंचेचाळिसांस एक, म्हणजे जवळजवळ बोरघाटाइतकाच. तेथेंही जड गाडीस मागून दुसरें इंजीन लावीत. त्या गांवांत डॅनिएल श्ट्राउब नांवाचा एक पिठाच्या गिरणीचा मालक होता. घाटाच्या कामावरील अवजारें दुरुस्त करण्याच्या धंद्यांतून त्यानें यंत्रांचा कारखाना काढिला आणि १८५३ मध्यें धातूच्या वस्तूंचा दुसरा कारखाना सुरू केला. त्यांतूनच पुढें स्वयंपाकघरांतील भांडीं व चमचे करणारी जगप्रसिद्ध डब्ल्यू. एम. एफ. ही कंपनी निघाली. घाट बांधून लोक निघून गेले, पण बांधण्याची विद्या गांवांत राहिली.

पळसदरीस असें घडलें नाहीं. येथील मक्ता विलायतेस दिलेला. नफा तिकडे गेला, अवजारें तिकडून आलीं, आणि गांवकऱ्याच्या वांट्यास पाटी-कुदळ राहिली. चढासाठीं मागून लावावयाचीं इंजिनें कर्जतेस जोडूं लागले, त्यामुळें गजबज तेथें वाढली. माथ्यावर लोणावळें वाढलें. खोपोलीसही दुसरें दैव मिळालें. १९१५ सालीं टाटांचें वीजगृह तेथें सुरू झालें आणि घाटमाथ्यावर अडविलेलें पाणी नळांतून खालीं सोडून मुंबईच्या गिरण्यांस वीज मिळूं लागली. पूर्वेकडे जाणारें तें पाणी तेव्हांपासून पाताळगंगेंत उतरतें. या तिन्ही गांवांच्या मध्यें असलेल्या पळसदरीस एक स्टेशन व एक तळें एवढेंच मिळालें.

पण एवढ्यानें गांवाचें महत्त्व संपत नाहीं. आजही मुंबई-पुण्याची प्रत्येक गाडी येथूनच डोंगरास हात घालते. जांब्रुंग, ठाकूरवाडी, नागनाथ, मंकी हिल अशीं वरचीं ठाणीं. त्यांचीं नांवें प्रवाशास माहीत नसतात, पण उतरणाऱ्या गाडीची गति व तिचे ब्रेक यांवर तेथें डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावें लागतें. २०१९ च्या पावसाळ्यांत नागनाथ व मंकी हिल यांच्या दरम्यान मार्ग खचला आणि तो दुरुस्त होण्यास कांहीं महिने लागले. दीडशें वर्षांनंतरही डोंगरानें आपला हक्क सोडलेला नाहीं. इकडे खोपोलीच्या फांट्यावरील लोकल गाड्या पळसदरीस थांबतात. शाळा-कॉलेजांतील मुलें, नोकरदार आणि भाजी घेऊन निघालेल्या बाया यांची खरी गाडी हीच. जिला जगानें फांटा म्हटलें, तीच गांवाची मुख्य वाट आहे.

अलीकडे आणखी एक वाट गांवाकडे वळली आहे. येथील स्वामी समर्थांच्या मठांत भाविक येतात; पावसाळ्यांत तळें व धबधबे पाहण्यास शहरांतील मंडळी येतात; आणि सबंध कर्जत तालुक्यांत शहरवासीयांनीं विश्रांतीचीं घरें बांधण्यासाठीं जमिनी विकत घेण्याचा सपाटा चालविला आहे. जमीन विकावी कीं राखावी हा ज्याचा त्याचा प्रश्न; गरजवंतास उपदेश करणें सोपें असतें. परंतु जमिनीबरोबर एक गोष्ट नकळत विकली जाते. प्रत्येक खाचरास, ओढ्यास, टेपास व पाणवठ्यास नांव असतें. कुंपण पडलें, जुना धनी गेला, कीं एका पिढींत तीं नांवें नाहींशीं होतात.

नांवें गेलीं तर काय बिघडलें, असें कोणी म्हणेल. बिघडतें तें असें. २००६ च्या वनहक्क कायद्याप्रमाणें जंगलांत पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जमिनीवर आदिवासी कुटुंबांस हक्क सांगतां येतो. डोंगरउतारावरील ज्या दळीच्या जमिनी ठाकूर-कातकऱ्यांच्या आजे-पणज्यांनीं कसल्या, त्यांचे कागद क्वचितच असतात. म्हणून त्या कायद्याच्या नियमांत, दावेदाराखेरीज इतर वडीलधाऱ्या माणसांचें लिहून घेतलेलें निवेदनही पुरावा म्हणून मान्य केलें आहे. अमुक ओढ्याच्या अलीकडे अमक्याचा आजा नाचणी करीत असे, एवढें वाक्य एखादी म्हातारी नांवनिशीवार सांगूं शकली, तर तें एका घराच्या उपयोगीं पडतें. ती गेल्यावर तें वाक्य कोणत्याही दप्तरांत सांपडावयाचें नाहीं.

घाट बांधणाऱ्या हजारोंचीं नांवें त्या काळीं कोणी लिहून घेतलीं नाहींत, आणि ती चूक आतां दुरुस्त होणें नाहीं. आज जीं माणसें हयात आहेत त्यांचें मात्र लिहून घेतां येईल. त्यास पंडित लागत नाहींत. प्रत्येक गांवच्या शाळेंतील वरच्या वर्गांतील मुलांनीं एक वही घालावी. शेतांचीं, ओढ्यांचीं, झऱ्यांचीं व वाटांचीं नांवें वृद्धांस विचारून तींत उतरावीं. सांगणाऱ्याचें नांव, वय व तारीख खालीं लिहावी. आणि ती वही ग्रामपंचायतींत ठेवावी. पळसदरीस हें काम एका उन्हाळ्याच्या सुटींत होण्याजोगें आहे. पावसाळ्यांत म्हातारीं माणसें घराबाहेर पडत नाहींत, वाटाही निसरड्या होतात. म्हणून पळस फुललेला असेल तेव्हांच प्रारंभ केलेला बरा.